बोटं पांढरी पडलेली दिसतात, हृदयाचं कसं कळणार? स्क्लेरोडर्मावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सिस्टेमिक स्क्लेरोसिसवर, म्हणजे बहुतेक जण ज्याला नुसतं स्क्लेरोडर्मा म्हणतात त्या कातडी आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजारावर, एक छोटं उत्तर दिलं होतं आणि त्यात जाता जाता लिहून गेलो की या आजारात मला कातडीपेक्षा हृदय आणि फुप्फुसांची काळजी जास्त वाटते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. काही जण घाबरलेत, काही जण चिडलेत की एवढं बोलून अर्धवट का सोडलं. चिडणाऱ्यांचं बरोबर आहे, माझीच चूक. निवडक पत्रं घेतो, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मी ४८ वर्षांची आहे. नऊ-दहा वर्षं झाली, थंडीत बोटं पांढरी मग निळी मग लाल होतात. दोन वर्षांपूर्वी लिमिटेड स्क्लेरोडर्मा (कातडी मुख्यतः हात आणि चेहऱ्यापुरती कडक होणारा प्रकार) निघाला, रक्तात अँटी-सेंट्रोमिअर ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह. मला बीपी नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल, घरात कुणाला हार्टचा त्रास नाही. मग मी हृदय कशाला तपासायचं? उगाच घाबरवता का तुम्ही?

ताई, घाबरवत नाही, पण तुम्ही जी यादी दिलीत ना, बीपी शुगर कोलेस्टेरॉल आणि घराणं, ती नेहमीच्या हार्ट अटॅकची यादी आहे. ती चांगली आहे याचा आनंदच आहे, फक्त तुमच्या आजारात तेवढ्यावर भागत नाही.

बोटात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गारवा लागला की बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त अडतं, जरा वेळाने परत येतं. तर अशाच बारीक रक्तवाहिन्या हृदयाच्या स्नायूतही असतात आणि त्याही या आजारात बिघडतात. स्क्लेरोडर्माच्या पेशंटना मुद्दाम गारवा देऊन हृदयाचं स्कॅन करून बघितलंय, तेव्हा काहींच्या हृदयातल्या काही भागांचा रक्तपुरवठा तेवढ्या वेळापुरता कमी झालेला दिसला. बोटातल्या या आवळण्याला रेनॉड म्हणतात. म्हणजे बोटातला रेनॉड डोळ्यांना दिसतो आणि आतला दिसत नाही, एवढाच काय तो फरक. असं वर्षानुवर्षं चालत राहिलं, वर आजाराची स्वतःची सूज असली, की हृदयाच्या स्नायूत ठिकठिकाणी चट्ट्यांसारखा कडक भाग तयार होतो, त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. हे चट्टे मोठ्या रक्तवाहिनीच्या हद्दीप्रमाणे पडत नाहीत, इथे थोडा तिथे थोडा असे विखुरलेले असतात, त्यामुळे ब्लॉकेज शोधायच्या तपासण्यांना ते सापडतीलच असं नाही.

मग पुढे काय होतं ते हे चट्टे कुठे आहेत यावर. स्नायूत असले तर हृदय कडक होतं, ढकलतं नीट पण सैल पडून भरून घेताना अडतं. हृदयाच्या वायरिंगमध्ये असले तर ठोके चुकतात. शिवाय हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी होऊ शकतं, बऱ्याचदा ते थोडंसंच असतं आणि पेशंटला पत्ताही नसतो. आणि चौथा प्रकार म्हणजे हृदय मुळात बरं असतं पण दुसऱ्या अवयवाच्या दुखण्याचा भार त्याच्यावर येतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढलं की उजव्या बाजूवर, किडनीने अचानक बीपी वाढवलं की डाव्या बाजूवर.

हे किती महत्त्वाचं, तर युरोपातल्या स्क्लेरोडर्मा सेंटरच्या एकत्रित नोंदींवरचा, म्हणजे यूस्टारचा, २०१० साली आलेला एक मोठा अभ्यास आहे. जे मृत्यू थेट या आजारामुळे झाले त्यात साधारण ३५ टक्के फुप्फुसाच्या फायब्रोसिसने, २६ टक्के फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या प्रेशरने आणि २६ टक्के हृदयाच्या कारणांनी होते. हा आकडा नीट वाचा हं, दर चार पेशंटमागे एक हृदयाने जातो असा त्याचा अर्थ अजिबात नाही, आजारामुळे जे गेले त्यांच्यातली ती वाटणी आहे.

तुमच्यासाठी म्हणून सांगतो, लिमिटेड प्रकार आणि अँटी-सेंट्रोमिअर ही जोडी कातडीच्या बाबतीत सौम्य असते, पण फुप्फुसाच्या प्रेशरचा धोका याच जोडीत बऱ्यापैकी असतो आणि तो आजार सुरू होऊन खूप वर्षांनी डोकं वर काढतो. चेहऱ्यावर हातावर बारीक लाल ठिपके खूप असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, ते नुसते दिसण्यापुरते नसतात. म्हणून त्रास नसला तरी वर्षातून एकदा टूडी इको, ईसीजी, डीएलसीओसकट (हवेतून रक्तात वायू किती नीट जातो तो आकडा) फुप्फुसाची टेस्ट आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी. आणि रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे एका फाईलला लावून ठेवा. या आजारात एकटा रिपोर्ट अर्धाच बोलतो, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवला की खरं काय ते कळतं.

प्रश्न: माझ्या बायकोला (वय ५५) स्क्लेरोडर्मा आहे. सहा-आठ महिन्यांपासून एक जिना चढली तरी दम लागतो. छातीत दुखत नाही. अँजिओग्राफी केली, एकदम क्लीन निघाली, ईएफ ६० टक्के. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं हार्ट फर्स्ट क्लास आहे, वजन कमी करा. वजन तर तिचं उलट कमी झालंय. आता कुणाकडे जायचं?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रकारची आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्या स्वच्छ आहेत ही चांगलीच बातमी, पण त्या तपासणीने बारीक रक्तवाहिन्यांबद्दल काही सांगितलं नाही आणि फुप्फुसाच्या प्रेशरबद्दल तर नाहीच नाही. ईएफ ६० म्हणजे डावी बाजू दाबून रक्त बाहेर टाकतेय. भरताना अडतेय का, उजवी बाजू थकलीय का, हे त्या एका आकड्यात नसतं, इकोच्या रिपोर्टमध्ये ते वेगळं लिहिलेलं असतं आणि नसेल तर लिहून घ्यायला हवं. खरं सांगू का, ईएफ हा आकडा लोकांनी डोक्यावर चढवून ठेवलाय, पेशंटनी पण आणि आमच्यातल्या काहींनी पण.

आता पहिला संशय ज्यावर घ्यायचा तो म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, पीएएच. हातावर मोजतो त्या बीपीचा आणि याचा संबंध नाही, हातावरचं बीपी एकदम नॉर्मल असताना हे असू शकतं. स्क्लेरोडर्माच्या साधारण दहा टक्के पेशंटना कधी ना कधी हे होतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होत जातात, उजव्या बाजूला तिकडे रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, आणि सुरुवातीला लक्षण एकच, चढताना दम. तो इतका हळूहळू वाढतो की माणूस नकळत जिना टाळायला लागतो, हळू चालायला लागतो, आणि विचारलं तर म्हणतो मला काही त्रास नाही. म्हणून मी पेशंटला दम लागतो का असं विचारतच नाही, गेल्या वर्षी जे सहज करत होता त्यातलं काय सोडलंत असं विचारतो. तुम्ही आज घरी हा प्रश्न विचारून बघा.

तपासण्यांचं बोलायचं तर फुप्फुसाच्या टेस्टमध्ये दोन आकडे बघायचे, एफव्हीसी आणि डीएलसीओ. फुप्फुसात किती हवा मावते ते पहिल्यात, आणि हवेतून रक्तात वायू किती नीट जातो ते दुसऱ्यात. एफव्हीसी बरा आणि डीएलसीओ मात्र बराच खाली असेल तर रक्तवाहिन्यांवर संशय जातो, दोन्ही बरोबरीने खाली असतील तर फुप्फुसाच्या फायब्रोसिसकडे आधी बघतात, त्यासाठी सीटी लागतो. एनटी-प्रोबीएनपी वाढलं असेल तर हृदयावर ताण आहे एवढं कळतं, कशामुळे ते नाही. इकोमध्ये टीआर व्हेलॉसिटी नावाचा आकडा असतो, म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग, २.८ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की पुढे तपासायचं. पण इको हा शेवटी अंदाज आहे, दोन्हीकडे चुकू शकतो. पक्कं निदान राइट हार्ट कॅथेटरायझेशननेच होतं, मानेच्या किंवा हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूला नेऊन प्रेशर थेट मोजतात. २०२२ च्या युरोपियन गाइडलाइनप्रमाणे सरासरी प्रेशर २० च्या वर असेल तर ते वाढलेलं धरतात, पूर्वी ही रेषा २५ ला होती, म्हणजे आता आजार लवकर पकडायचा प्रयत्न आहे. तुम्ही म्हणाल आत्ताच तर अँजिओग्राफी झाली, परत नळी कशाला. ती डावीकडची, ही उजवीकडची, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे सगळं नॉर्मल आलं तरी दम खोटा ठरत नाही. मग हृदयाचा एमआरआय करतात, त्यात स्नायूतली सूज आणि विखुरलेले चट्टे दिसू शकतात, किडनी कमजोर असेल तर आधी सांगायचं कारण त्यात जे औषध टोचतात ते त्या हिशोबाने ठरवावं लागतं. अजून एक अगदी साधी गोष्ट जी बऱ्याचदा राहून जाते, हिमोग्लोबिन बघा. या आजारात पोटाच्या आतल्या अस्तरातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून थोडं थोडं रक्त जात राहू शकतं, कळत पण नाही, आणि माणूस हिमोग्लोबिन कमी होऊन दमतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. रेनॉडच्या गार बोटाला तो बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो, लोक ८२ बघून रात्री धावत सुटतात. हॉस्पिटलमध्ये चालण्याची टेस्ट करताना कानाला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर मागून घ्या.

कुणाकडे जायचं, तर आधी तुमच्या रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्क्लेरोडर्मासारखे आजार बघणाऱ्या डॉक्टरकडे, आणि कार्डिओलॉजिस्ट किंवा पल्मनॉलॉजिस्ट असा शोधा ज्याने पीएएचचे पेशंट बघितलेत. यावर औषधं आहेत, पूर्वी काहीच नव्हतं, आता दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या सुरुवातीपासून एकत्र देतात आणि त्याने फरक पडतो. लवकर सुरू झाल्या तर जास्त. सहा-आठ महिने गेलेत, अजून वाट बघू नका. चक्कर येऊन पडणं, पायावर सूज, असं काही असेल तर अपॉइंटमेंटची पण वाट बघू नका.

प्रश्न: मला स्क्लेरोडर्मामुळे कायम ॲसिडिटी असते. छातीत जळजळतं तेव्हा ती ॲसिडिटी की हार्ट, हे घरी कसं ओळखायचं? शेजारच्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी जवळ ठेवायला सांगितलीय. मी बोटांसाठी सिल्डेनाफिल घेतो.

बरं झालं शेवटचं वाक्य लिहिलंत! ती जिभेखालची गोळी नायट्रेटची असते आणि सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल चालू असताना नायट्रेट घेतलं तर बीपी धोकादायकरीत्या कोसळू शकतं. ती गोळी आजच परत करा. घरच्यांनाही हे सांगून ठेवा आणि एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, कारण छातीत दुखलं म्हणून तुम्हाला कुणी कॅज्युअल्टीत नेलं तर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी नायट्रेट देऊ शकतं, आणि तेव्हा सांगायला तुम्ही शुद्धीत असालच असं नाही.

ओळखण्याबद्दल, खात्रीने घरी ओळखता येत नाही, मलाही नुसतं ऐकून येत नाही. जेवणानंतर, आडवं झाल्यावर, तोंडात आंबट पाणी येऊन होणारी नेहमीची जळजळ असेल तर अन्ननलिकेची शक्यता जास्त, या आजारात अन्ननलिका ढिली पडते त्यामुळे ते होतंच. पण चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दडपण, घाम, हात किंवा जबड्यात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळं काहीही वाटलं तर सरळ ॲम्ब्युलन्स, ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हार्ट अटॅकसाठीची रक्ताची तपासणी. ॲसिडिटीच असेल म्हणून रात्र काढायची नाही.

प्रश्न: मधेच धडधडतं, एक ठोका गाळल्यासारखं होतं. ईसीजी नॉर्मल आला. मैत्रिणीला अशाच धडधडीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) दिलंय आणि तिला छान वाटतं, मी घेऊ का?

नका घेऊ, निदान मैत्रिणीचं बघून तर नकाच. बीटा ब्लॉकरने रेनॉड वाढू शकतो, बोटांना जखमा असतील तर आणखी नको. कधी कधी हृदयासाठी ते द्यावंच लागतं, पण ते तोलून मापून ठरवायचं काम आहे आणि दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून करायचं.

ईसीजी दहा-एक सेकंदांचा असतो, तुमचा ठोका काही त्याची अपॉइंटमेंट घेऊन चुकत नाही. २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र, लावा, त्यात नाही आलं तर जास्त दिवसांचा. नुसते अधूनमधून जादाचे ठोके बऱ्याच लोकांना असतात, पण स्क्लेरोडर्मात ते स्नायूतल्या चट्ट्यामुळे असू शकतात म्हणून नुसतं टेन्शन आहे असं म्हणून सोडायचं नाही. रक्तात सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक, वाढलेला असेल किंवा दंड-मांड्या कमजोर वाटत असतील तर तेही सांगा, ज्यांना स्नायूंची सूज असते त्यांच्यात हृदयाच्या स्नायूला सूज असण्याची शक्यता जास्त धरतात. आणि तुमच्या गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. पोट हलत नाही म्हणून डोमपेरिडोन चालू असतं, त्यात सर्दी-खोकल्याला कुणी ॲझिथ्रोमायसिन देतं, ही दोन्ही औषधं ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवतात आणि एकत्र आली की ठोके बिघडायला निमित्त मिळतं. सर्दीवरून आठवलं, नाक मोकळं करायच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही रक्तवाहिन्या आवळतं, तेवढं टाळा.

प्रश्न: मला डिफ्यूज प्रकार (कातडी अंगभर कडक होणारा) आहे, दीड वर्ष झालं. बीपी कायम ११० च्या आसपास असायचं, गेल्या आठवड्यात १४५ आलं. वाचलं की १४५ म्हणजे थोडंसंच जास्त. थांबून बघू का? सांधे दुखतात म्हणून स्टेरॉइड २० मिलिग्रॅम चालू आहे.

थांबू नका, पत्र वाचताय त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कुणाचं १४५ असतं तर मी म्हणालो असतो आठवडाभर मोजा. तुमचं ११० वरून १४५ झालंय, डिफ्यूज प्रकार आहे, पहिली काही वर्षं आहेत आणि वर स्टेरॉइड १५ मिलिग्रॅमच्या पुढे आहे. हे सगळं एकत्र आलं की आमच्या डोक्यात पहिला शब्द येतो रीनल क्रायसिस, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्या अचानक आवळून बीपी झपाट्याने वाढणं. क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि सीबीसी लगेच. डोकं दुखणं, धूसर दिसणं, दम लागणं असेल तर फोन पण नको, सरळ कॅज्युअल्टी. त्या बीपीपुढे हृदय काही दिवसांत थकू शकतं. एके काळी यातून फारच थोडे लोक वाचायचे, मग १९७९ च्या सुमारास कॅप्टोप्रिल हे एसीई इनहिबिटर गटातलं बीपीचं औषध आलं आणि चित्र पालटलं, आजही एसीई इनहिबिटर गटाचीच औषधं वापरतात. पण क्रायसिस होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची ही औषधं नाहीत, तसा फायदा दिसलेला नाही. आणि स्टेरॉइड घाबरून एकदम बंद करू नका हं, ते डॉक्टरच कमी करतील.

डिफ्यूज प्रकारच्या सगळ्याच वाचकांना सांगतो, घरी बीपीचं मशीन ठेवा आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोजून लिहून ठेवा.

प्रश्न: मग नेहमीचे हार्ट अटॅक आम्हाला कमी होतात का जास्त? स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन सुरू करावं का?

जास्तच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हार्ट अटॅकचा धोका साधारण दीडपट ते अडीचपट निघालाय आणि तो नुसत्या कोलेस्टेरॉल-बीपीने समजावता येत नाही. गंमत म्हणजे रिस्क मोजायची जी कॅल्क्युलेटर वापरतात त्यातल्या बहुतेकांना हा आजार माहीतच नाही. ब्रिटनमधल्या २०१७ च्या क्यूरिस्क३ मध्ये रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि ल्युपस घेतलेत, स्क्लेरोडर्मा नाही. त्यामुळे कॅल्क्युलेटरने कमी रिस्क दाखवली तर ती थोडी वरच धरा.

तरीही सगळ्यांना सरसकट स्टॅटिन किंवा ॲस्पिरिन असं नसतं. कोलेस्टेरॉल, वय, शुगर बघून इतरांसारखंच ठरवतात, आणि पोटातून रक्त जात असेल तर ॲस्पिरिन उलट नडतं. स्टॅटिनवर स्नायू दुखले तर ते औषधाने की आजाराने, यासाठी सुरू करण्याआधी एकदा सीके करून ठेवलेलं बरं. सिगारेट आणि तंबाखू मात्र आजपासून बंद, यावर माझं काही दुमत नाही, निकोटीन त्याच आवळणाऱ्या रक्तवाहिन्या अजून आवळतं.

प्रश्न: माझी मुलगी २९ वर्षांची, नुकतंच निदान झालंय. इंटरनेटवर वाचून तिने जिम, ट्रेकिंग सगळं सोडलं, हार्टवर ताण येईल म्हणते. रात्री झोपत नाही.

काकू, तिला सांगा की सगळ्यांना हृदयाचा त्रास होत नाही, आणि इंटरनेटवर जे लिहितात ते बहुतेक ज्यांना झालाय तेच लिहितात, ज्यांचं बरं चाललंय ते कशाला लिहीत बसतील. पहिल्या सगळ्या तपासण्या एकदा होऊ द्या, त्या ठीक आल्या तर व्यायाम बंद करायचं काहीच कारण नाही, उलट बंद केला की ताकद जाते आणि मग खरा दम आणि व्यायाम नसल्याचा दम यात फरक करणं आम्हालाच अवघड होतं. हातमोजे घालून, अंग गरम ठेवून करायचा, गार पाण्यात पोहायचं टाळायचं. पुढे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच बोलून ठेवायला सांगा, कारण बोसेंटान, मायकोफेनोलेट अशी या आजारातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत आणि ती आधी बदलावी लागतात.

झोपेचं मात्र वेगळं विचारा तिला. काळजीने झोप येत नसेल तर एक गोष्ट, आणि आडवं झालं की श्वास अडतो म्हणून उठून बसत असेल तर ती माझ्या कॉलमची गोष्ट नाही, उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या.